थकलेल्या दंडाला सवलत : कोणाला, किती आणि कशासाठी?

कष्टकरी कुटुंबाच्या खर्चाच्या वहीत पूर्वी ठरावीक रकाने असत. घरभाडे, किराणा, मुलांची फी, दवाखाना, गावी पाठवायचे पैसे आणि भिशीचा हप्ता. गेल्या काही वर्षांत त्यात एका नव्या रकान्याची भर पडली आहे. तो रकाना म्हणजे चलान. घरात एक रिक्षा असो, भाड्याचा टेम्पो असो, की हप्त्यावर घेतलेली मोटारसायकल असो, मोबाईलवर दंडाचा संदेश आला नाही असे घर आता विरळाच. पूर्वी चौकात हवालदार अडवत असे, पावती फाडत असे आणि विषय तिथेच संपत असे. आता कॅमेरा गाडीचा नंबर टिपतो, दंड नोंदला जातो आणि तो भरला नाही तर महिनोन्महिने साचत राहतो.

हा साचलेला दंड वसूल व्हावा म्हणून काही राज्य सरकारांनी अधूनमधून मोठी सूट जाहीर केली. कुठे निम्मा दंड माफ, कुठे तीन चतुर्थांश माफ. अशी बातमी वाचली की आपल्या वस्तीत दोन प्रकारची चर्चा सुरू होते. कोणी म्हणतो, सरकारला गरिबाची दया आली. कोणी म्हणतो, मग वेळेवर दंड भरणारे मूर्ख ठरले काय? आमच्या मते ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. सवलत कोणाच्या पदरात पडते आणि ती संपल्यावर काय उरते, हे हिशेबाच्या नजरेने पाहिले पाहिजे.

दंड का साचतो?

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि १ सप्टेंबर २०१९ पासून दंडाच्या रकमा कित्येक पटींनी वाढल्या. हेल्मेट नसल्यास पूर्वी १०० रुपये दंड होता, तो कायद्याने १,००० रुपये झाला. परवाना नसताना गाडी चालवल्यास ५०० ऐवजी ५,००० रुपये झाले. विमा नसल्यास पहिल्या वेळी २,००० आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये. न्यायालयात न जाता तडजोडीने किती रक्कम घ्यायची, ते दर राज्य सरकार ठरवते. महाराष्ट्रात असे नवे दर डिसेंबर २०२१ पासून लागू झाले.

दंड साचतो तो प्रत्येक वेळी मुजोरीमुळेच असे नाही. दंडाचा संदेश गाडीच्या नोंदणीत जो मोबाईल नंबर असतो त्यावर जातो. आपल्या लोकांचे नंबर बदलतात, पत्ते बदलतात. भाड्याची खोली सुटली की नोंदणीपुस्तकावरचा पत्ता जुनाच राहतो. त्यात बहुतेकांची गाडी सेकंडहँड. पैसे देऊन गाडी घरी येते, पण नावावर करून घ्यायचे राहून जाते. मग दंड नव्या मालकाच्या हातून होतो आणि संदेश जुन्या मालकाला जातो. किंवा जुन्या मालकाचे पाप नव्याच्या गळ्यात पडते.

आमच्या माहितीतील एका रिक्षाचालक बांधवाने अशीच जुनी रिक्षा घेतली. पासिंगची वेळ आली तेव्हा गाडीवर चौदा चलाने थकल्याचे कळले. त्यांची मिसेस कागदांची पिशवी घेऊन आमच्याकडे आल्या. आम्ही एकेका चलानाची तारीख विक्रीच्या कागदाशी ताडून पाहिली, तर त्यांतली सात चलाने गाडी घेण्याच्या आधीची निघाली. पण गाडी ज्याच्या ताब्यात, ओझेही त्याच्याच डोक्यावर. पासिंग होईपर्यंत रिक्षा उभी, आणि रिक्षा उभी म्हणजे चूल बंद. दंडापेक्षा बुडालेल्या दिवसांचाच खर्च मोठा झाला.

सरकार सूट का देते?

ज्याने किराणा दुकानाची उधारीची वही पाहिली आहे त्याला हे समजायला वेळ लागणार नाही. उधारी जितकी जुनी, तितकी ती वसूल होण्याची शक्यता कमी. शहाणा दुकानदार दिवाळीच्या सुमारास जुन्या गिऱ्हाईकाला म्हणतो, निम्मे टाक आणि वही फाडून टाकू. त्याला गिऱ्हाईकाचा पुळका आलेला नसतो. बुडीत जाणाऱ्या शंभरातले पन्नास हाती येतात, हा साधा व्यवहार आहे.

सरकारचेही तसेच आहे. थकलेला दंड कागदावर येणे म्हणून दिसतो, पण तिजोरीत नसतो. प्रत्येक चलानासाठी खटला चालवायचा तर न्यायालयांना दुसरे काम करता येणार नाही, आणि घरोघरी वसुलीला पाठवायचे तर पोलीसही पुरणार नाहीत. म्हणून सूट निघते. ती उपकार म्हणून घेण्याचे कारण नाही, तशी ती आपला कायमचा हक्क आहे असेही समजण्याचे कारण नाही.

तेलंगणा आणि कर्नाटक

आपल्या शेजारच्या दोन राज्यांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे.

तेलंगणात १ मार्च २०२२ पासून थकीत दंडावर सूट देण्यात आली. दुचाकी आणि तीनचाकी वाहनांना ७५ टक्के सूट, म्हणजे १,००० रुपयांचा दंड २५० रुपयांत मिटणार. मोटारी आणि जड वाहनांना ५० टक्के सूट. रस्त्यावर माल विकणाऱ्या हातगाडीवाल्यांवरही दंड होतो. त्यांना ८० टक्के सूट होती. मुदत महिनाभराची होती, ती पुढे १५ एप्रिलपर्यंत वाढवली. दीड वर्षाहून अधिक काळाने, २६ डिसेंबर २०२३ पासून, पुन्हा तसाच निर्णय झाला. या वेळी दुचाकी-तीनचाकींना ८० टक्के, हातगाड्यांना ९० टक्के आणि इतर वाहनांना ६० टक्के सूट. त्याचीही मुदत वाढत वाढत फेब्रुवारी २०२४ पर्यंत गेली.

कर्नाटकाने वेगळी रीत धरली. तिथे २ ते ११ फेब्रुवारी २०२३ या दहा दिवसांत थकीत चलानावर सर्वांना सरसकट ५० टक्के सूट दिली. राज्य विधी सेवा प्राधिकरणाने यात पुढाकार घेतला होता. बंगळुरात पोलीस ठाण्यांसमोर रांगा लागल्या आणि शंभर कोटींहून अधिक रुपये जमा झाले. त्यानंतर मार्च २०२३ मध्ये तीच सूट पुन्हा दिली गेली, आणि ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी एकदा.

या दोन रीतींत फरक आहे आणि तो वाचकांनी ध्यानात घ्यावा. समजा एका माणसावर सहा हजार रुपये दंड थकला आहे. निम्मी सूट मिळाली तरी तीन हजार रुपये रोख हवेत आणि तेही दहा दिवसांत. ज्या डिलिव्हरीच्या मुलाला पेट्रोल वजा जाता दिवसाला सहाशे रुपये सुटतात, त्याची ही पाच दिवसांची पूर्ण कमाई झाली. त्या पाच दिवसांत घरात कोणी जेवायचेच नाही काय? मोटारीच्या मालकाला मात्र तीन हजार म्हणजे कुटुंबाचे एका संध्याकाळचे हॉटेलचे बिल. टक्का दोघांना सारखाच, पण भार सारखा नाही. तेलंगणाने हातगाडी, दुचाकी आणि मोटार यांत भेद केला, तो या दृष्टीने अधिक न्यायाचा म्हटला पाहिजे. वाहन पाहून ऐपत ठरवणे हे ढोबळ माप आहे हे खरे. पण माप नसण्यापेक्षा ढोबळ माप बरे.

दुसरी गोष्ट. दोन्ही राज्यांत सवलत एकदाच दिली आणि प्रश्न मिटला, असे झाले नाही. दीड-दोन वर्षांत पुन्हा तीच वेळ आली. याचा अर्थ, जुनी वही फाडली तरी नवी वही लगेच भरू लागली होती. शिवाय लोकांच्या मनात एक हिशेब पक्का होतो की आज भरू नका, पुढे सूट मिळेल. ज्याने व्याजाने पैसे काढून वेळेवर दंड भरला त्याच्या पदरी मात्र काहीच पडत नाही.

परदेशात काय झाले?

सवलतीच्या पलीकडे जाऊन मूळ रोगावर कोणी औषध शोधले काय, हे पाहण्यासाठी आम्ही अमेरिकेतील माहिती चाळली. तिथला अनुभव आपल्या वाचकांनी जाणून घ्यावा असा आहे.

अमेरिकेच्या मिसुरी राज्यात फर्ग्युसन नावाचे सुमारे एकवीस हजार वस्तीचे गाव आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये तिथे पोलिसाच्या गोळीने मायकेल ब्राऊन या कृष्णवर्णीय तरुणाचा मृत्यू झाला आणि देशभर असंतोष उसळला. अमेरिकेच्या न्याय खात्याने त्या गावाच्या कारभाराची चौकशी करून मार्च २०१५ मध्ये अहवाल दिला. गावाचा कारभार दंडाच्या उत्पन्नाकडे डोळे लावून चालत होता, असे त्यात आढळले. लोकसंख्येत कृष्णवर्णीय ६७ टक्के, पण पोलिसांनी अडवलेल्या वाहनचालकांत ते ८५ टक्के होते. एका कृष्णवर्णीय स्त्रीची हकिकत त्या अहवालात आहे. २००७ साली तिने गाडी चुकीच्या जागी उभी केली, त्याचे १५१ डॉलर आणि वर शुल्क. ती पैसे भरू शकली नाही, तारखा चुकल्या, प्रत्येक चुकलेल्या तारखेचा नवा दंड चढत गेला. तिला दोनदा अटक झाली, सहा दिवस तुरुंगात काढावे लागले. सात वर्षांत तिने ५५० डॉलर भरले आणि तरीही ५४१ डॉलर देणे बाकीच होते!

सावकाराच्या वहीत ज्यांच्या आजोबा-पणजोबांचे अंगठे उमटले आहेत, त्यांना हे गणित समजावून सांगावे लागणार नाही. मुद्दल फिटतच नाही, कारण गरिबीवरच व्याज चढत असते. ऑगस्ट २०१५ मध्ये तिथल्या नव्या न्यायाधीशांनी २०१४ अखेरपर्यंतची सर्व अटक वॉरंटे मागे घेतली. हीसुद्धा एक सवलतच होती.

कॅलिफोर्निया राज्यात प्रश्न याहून मोठा होता. तिथे शंभर डॉलरचा दंड निरनिराळे अधिभार जोडून ४९० डॉलरवर जाई, आणि मुदत चुकली की ८१५ डॉलरवर. दंड न भरणाऱ्याचा वाहन परवाना निलंबित होत असे. २००६ ते २०१३ या काळात चाळीस लाखांहून अधिक परवाने अशा कारणांनी निलंबित झाले. परवाना गेला की कामावर जाणे गेले, काम गेले की दंड भरायचा कशातून? तिथल्या सरकारने १ ऑक्टोबर २०१५ ते ३१ मार्च २०१७ अशी दीड वर्षांची सवलत योजना काढली. १ जानेवारी २०१३ पर्यंत भरायचा असलेला जुना दंड निम्मा झाला. ज्यांचे उत्पन्न अगदी कमी होते किंवा जे सरकारी मदतीवर जगत होते, त्यांना ८० टक्के सूट मिळाली. म्हणजे तिथे वाहन न पाहता थेट उत्पन्न पाहिले. निलंबित परवाना परत मिळवण्याची सोयही त्यात होती.

पण आम्हाला महत्त्वाचे वाटते ते पुढचे पाऊल. योजना संपल्यावर, जून २०१७ मध्ये, केवळ दंड भरता आला नाही म्हणून परवाना निलंबित करण्याची पद्धतच कॅलिफोर्नियाने बंद केली. सवलतीने जुनी जखम पुसली आणि कायद्याच्या बदलाने नवी जखम होण्याचे एक कारण दूर केले. या दोन गोष्टी एकत्र झाल्या तरच माफीला अर्थ राहतो.

फिनलंड देशात तर अतिवेगाचा मोठा गुन्हा असेल तर दंडच उत्पन्नाच्या प्रमाणात ठरतो. २००२ साली नोकिया कंपनीच्या एका बड्या अधिकाऱ्याला वेगमर्यादा मोडल्याबद्दल १ लाख १६ हजार युरो दंड झाला होता. पुढे अपिलात तो कमी झाला, पण तत्त्व तेच राहिले. कायदा मोडल्याची टोचणी श्रीमंताला आणि गरिबाला सारखी बसली पाहिजे.

महाराष्ट्रात आपण काय करावे?

आता आपल्या दाराकडे येऊ. व्हॉट्सॲपवर दर काही महिन्यांनी संदेश फिरतो की अमुक तारखेला सर्व चलाने निम्म्या किमतीत मिटणार. सरकारने रीतसर जाहीर केल्याशिवाय अशा संदेशावर विसंबू नये. आपल्याकडे कायदेशीर दार आहे ते लोकअदालतीचे.

लोकअदालत ही १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली भरते. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून साधारण चार वेळा होते. खटला उभा राहण्यापूर्वीची, म्हणजे दाखलपूर्व प्रकरणे म्हणून चलानेही तिथे ठेवली जातात. तिथे फी लागत नाही. दोन्ही बाजूंच्या संमतीने तडजोड होते. झालेला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अंतिम असतो आणि त्यावर अपील नसते. म्हणून सही करण्यापूर्वी कागद नीट वाचून घ्यावा. तडजोड मान्य नसेल तर नाही म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे. सूट मिळेलच असे मात्र नाही. ती प्रकरण पाहून ठरते.

वकील परवडत नाही म्हणून कोणी घरी बसू नये. याच कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, सर्व स्त्रिया, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना मोफत विधी साहाय्य मिळते. अनुसूचित जातींत १९९० पासून बौद्धांचाही समावेश आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते आणि तालुक्याला तालुका समिती असते. दूरध्वनीसाठी १५१०० हा क्रमांक आहे.

घरातील शिकलेल्या मुला-मुलींनी पुढील कामे या रविवारीच करावीत.

पहिले, घरातील प्रत्येक गाडीवर किती चलाने आहेत ते वाहतूक पोलिसांच्या किंवा परिवहन खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहून वहीत लिहावे. तारीख, ठिकाण, कारण आणि रक्कम असे चार रकाने पाडावेत.

दुसरे, प्रत्येक चलानाचा फोटो पाहावा. नंबर आपलाच आहे काय? गाडी आपलीच आहे काय? चूक आढळली तर तक्रार नोंदवावी. चलान म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असे नव्हे. कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत पाठवावी, असा नियम केंद्राने २०२१ साली केला होता.

तिसरे, जुनी गाडी घेताना आधी तिची चलाने तपासावीत, त्यांची रक्कम किमतीतून वजा करून घ्यावी आणि गाडी लगेच नावावर करावी. नोंदणीत आपला चालू मोबाईल नंबर घालावा.

चौथे, चलान भरा म्हणून अनोळखी नंबरावरून आलेली लिंक किंवा फाईल कधीही उघडू नये. अशा फाईलमधून मोबाईलमध्ये शिरून बँकेचे खाते रिकामे करणारे भामटे फिरत आहेत. हजाराचा दंड वाचवायला जाऊन लाखाची पुंजी गमावू नये.

माफ न होणारी गोष्ट

इतके सारे लिहिल्यावर एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. दंड जाचक आहे म्हणजे नियम निरर्थक आहे असे नव्हे. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत दुचाकीवरची माणसे सर्वांत जास्त, शंभरात चव्वेचाळीस. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती आणि त्यांत चौदा हजारांहून अधिक मागे बसलेले होते. मागे कोण बसते? आपली पत्नी, आपली बहीण, आपले लेकरू. दारू पिऊन गाडी चालवणे हा तर जागेवर तडजोडीने मिटणारा गुन्हाच नाही. त्यात न्यायालयात उभे राहावे लागते, आणि ते योग्यच आहे. दंडाची रक्कम लोकअदालतीत कमी होईल, पण फुटलेल्या डोक्याला कुठलीही अदालत सूट देऊ शकत नाही.

म्हणून मागणी करायची तर ती नेमकी करावी. सूट द्यायची तर वाहन आणि उत्पन्न पाहून द्या. एकरकमी भरता येत नसेल त्याला हप्ते बांधून द्या. दंडाची सूचना वेळेत आणि मराठीत द्या. चुकीच्या चलानाची तक्रार ठरावीक दिवसांत निकाली काढा. आणि रिक्षा-टेम्पोवर जगणाऱ्या माणसाची गाडी केवळ जुन्या दंडापायी उभी राहणार नाही असा मार्ग काढा. रिक्षा संघटना, डिलिव्हरी कामगार आणि महिला मंडळे यांनी मिळून असे निवेदन दिले तर त्याला वजन येईल.

तोपर्यंत प्रत्येक वस्तीत दोन-तीन शिकलेल्या तरुणांनी महिन्यातून एका रविवारी विहारात किंवा समाजमंदिरात दोन तास बसावे आणि लोकांची चलाने तपासून यादी करून द्यावी. लोकअदालतीची तारीख फळ्यावर लिहून ठेवावी. ज्यांना मोबाईलवरचे वाचता येत नाही अशा वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन जावे. या कामाला देणगी लागत नाही की व्यासपीठ लागत नाही. एक वही, एक पेन आणि दोन तास पुरेसे आहेत.